उन्हाळ्यातल्या दुखापती : आधी काय, मग काय?

सावलीधर

उन्हाळा लागला की 'भरपूर पाणी प्या', 'उन्हात फिरू नका' असल्या सूचना जिकडेतिकडे लागतात. त्यांत चूक काही नाही, पण कामाला येत नाहीत. ज्याला उन्हात जावंच लागतं त्याला 'जाऊ नका' सांगून काय उपयोग? आणि 'भरपूर' म्हणजे नक्की किती?

माझं म्हणणं असं की काय करायचं ते बहुतेकांना ठाऊक असतं, फक्त उलट्या क्रमानं केलं जातं. उष्माघात झालेल्याला आधी गाडीत घालतात, गार करायचं नंतर बघतात. कूलरचं झाकण आधी काढतात, प्लग नंतर. बुडणाऱ्याच्या मागे आधी उडी, दोर नंतर.

दाराच्या आतल्या बाजूला चिकटवता येईल असा एक पानी कागद करायचा आहे. दहाच्या वर ओळी नकोत. प्रत्येक ओळीत 'आधी हे, मग ते'. आकडा असेल तर आकडा द्या, कारणही द्या. नुसतं 'काळजी घ्या' लिहिणाऱ्याला दंड.

खट्याळ_वारा

काळजी घ्या.

(दंड कुठे भरायचा?)

नाडीपरीक्षा

पहिली ओळ उष्माघाताचीच हवी. त्याआधी दोन अवस्था वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

उन्हानं आलेला थकवा : दरदरून घाम, चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पोटऱ्यांत पेटके. पण माणूस नीट बोलतो, विचारलेल्याचं बरोबर उत्तर देतो. त्याला सावलीत आडवा करा, पाय उशीवर, कपडे सैल, अंग ओलं, वर पंखा, घोटघोट पाणी. अर्ध्या तासात तरतरी यायला हवी. नाही आली तर दवाखाना.

उष्माघात : शरीराच्या आतलं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आणि मेंदू गडबडलेला. बरळणं, विनाकारण चिडणं, तोल जाणं, आकडी, शुद्ध हरपणं. 'घाम थांबला म्हणजे उष्माघात' हे अर्धवट खरं आहे. घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची त्वचा कोरडी असू शकते. पळताना किंवा अंगमेहनत करताना कोसळलेला माणूस घामानं निथळत असतो आणि तरी त्याला उष्माघातच असतो. घामाकडे बघू नका, बोलण्याकडे बघा. काखेतल्या थर्मामीटरवरही विसंबू नका, तो आतल्यापेक्षा कमी दाखवतो.

आता क्रम. एकानं रुग्णवाहिकेला फोन करायचा, दुसऱ्यानं त्याच क्षणी पाणी ओतायला घ्यायचं. मोठं टब किंवा हौद असेल तर गळ्यापर्यंत थंड पाण्यात बसवा. काखेखालून धरून ठेवा, डोकं बुडता कामा नये. टब नसेल तर नळीनं किंवा बादलीनं सतत पाणी आणि जोरात वारा. ओली चादर टाकली तर दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा भिजवा, कारण ती अंगाच्या उष्णतेनं तापते आणि मग नुसतं पांघरूण होते. मान, काखा, जांघा इथे बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात, पण त्या जोडीला. एवढ्यावर भागत नाही. पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा. गाडी यायला वीस मिनिटं लागणार असतील तर ती वीस मिनिटं पाण्यातच गेली पाहिजेत.

गुंगीत असेल तर तोंडानं काहीही देऊ नका. पॅरासिटामॉलही नाही. तापात मेंदूतला थर्मोस्टॅट वर सरकलेला असतो, गोळी तो खाली आणते. उष्माघातात थर्मोस्टॅट जागेवरच असतो, शरीरच हरलेलं असतं. गोळीला तिथे काम नाही, आणि आधीच ताणलेल्या यकृताला मात्र ती जड जाते.

भिंगरी

@नाडीपरीक्षा, एकदम थंड पाण्यानं त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते असं वाचलं होतं. कोमट पाणी बरं ना?

नाडीपरीक्षा

रक्तवाहिन्या आकसतात हे खरं. पण पाणी आणि अंग यांच्या तापमानातला फरक इतका मोठा असतो की तरीही उष्णता वेगानं बाहेर पडते. सगळ्यात जलद उतार थंड पाण्यात बुडवल्यानंच मिळतो. ३९ अंशांच्या आसपास आल्यावर थांबायचं, नाहीतर पारा गरजेपेक्षा खाली घसरतो. मोजायची सोय नसेल तर नीट बोलायला लागला, हुडहुडी भरली की बाहेर काढा. अगदी थकलेल्या वृद्ध माणसाला टबात उतरवणं जमत नाही. तिथे फवारा आणि पंखा. आणि थंड पाणी नसेलच तर असेल ते पाणी ओता, गार पाण्याची वाट बघत बसू नका.

दशांशचिन्ह

घामाबद्दल एक गोष्ट सुटतेय. अंगावरून एक लिटर घाम *सुकला* तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. *टपकला* तर जवळजवळ काहीच नाही. दमट हवेत घाम सुकत नाही, टपकतो. म्हणून ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर शरीराला ते सावलीतसुद्धा ४१ अंशांसारखं जाणवतं. नुसता पारा बघून 'आज काही विशेष नाही' म्हणणारे इथेच फसतात.

पंख्याचंही तेच. त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. हवा त्याहून गरम असेल तर पंखा अंगावर उष्णताच आणून टाकतो, फक्त घाम सुकवून त्याची भरपाई करतो. हवा ४० च्या वर गेली की कोरड्या अंगावर पंखा म्हणजे भट्टीचा भाता. आधी अंग ओलं, मग पंखा. घ्या, एक ओळ झाली.

खट्याळ_वारा

म्हणजे मी चार तास पंख्याखाली भाजून निघत होतो आणि वीजबिलही भरत होतो.

घमेलं

उन्हात काम करणाऱ्यांसाठी दोन आकडे.

एक, सवय. शरीराला उन्हाची सवय व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. या काळात घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच वेळ उन्हात काम द्यायचं, मग रोज २० टक्के वाढवायचं. जुना माणूस आठवडाभर सुट्टीवर जाऊन आला तर त्याचीही सवय बरीच उतरलेली असते. त्याला ५०, ६०, ८०, १०० अशा पायऱ्या. कामावर उष्माघातानं होणारे मृत्यू सगळ्यात जास्त पहिल्या काही दिवसांतच होतात. मुकादम नेमका नव्या पोराला 'बघू दम किती आहे' म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यात जड कामावर घालतो. क्रम उलटा.

दोन, पाणी. दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे २४० मिली. तहान लागेपर्यंत थांबायचं नाही. पण तासाला दीड लिटरच्या वर जायचं नाही. घामातून मीठ जात असताना नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. डोकं दुखतं, उलटी होते, माणूस भांबावतो. दिसायला उन्हाच्या त्रासासारखंच, म्हणून त्याला आणखी पाणी पाजलं जातं.

चमचा_मोजून

घमेलंभाऊंचा मुद्दा पुढे नेतो. दोन तासांच्या वर घाम गाळणारं काम असेल तर जेवणातल्या मिठानं भागतं का हे बघा, नाहीतर ओआरएस. आणि ओआरएसच्या पुडीवर ठळक लिहिलेलं असूनही होणारी चूक म्हणजे अख्खी पुडी एका पेल्यात. मोठी पुडी एक लिटरची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे प्रमाण मुद्दाम आहे. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एका दारानं जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. पेल्यात दाट केलं की उलटं होतं, आतड्यात पाणी बाहेरून ओढलं जातं आणि जुलाब लागतात. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या हेही नको, कारण पुडीतले क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही.

पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे छोटा, ५ मिलीचा. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीनं वरचा ढीग उतरवलेला. आधी मीठ घालून चव बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. मग साखर. साखर आधी घातली तर खारटपणा जिभेला कळतच नाही. केलेलं पाणी २४ तासांत संपवा किंवा टाका.

अवांतर : १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं होतं, आणि ते द्यायचं काम रुग्णांच्या नातेवाईकांवर सोपवलं होतं. सलाईनची सुई लावता न येणाऱ्यांनीच माणसं वाचवली.

शंकासुर

रक्तदाबवाल्यांनी काय करायचं?

नाडीपरीक्षा

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मीठ-पाण्याचा हिशेब उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारून ठेवा. लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या पाणी काढतात, बीटा ब्लॉकर हृदयाचा वेग वाढू देत नाहीत, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या घाम कमी करतात. गोळी मनानं बंद मात्र करू नका.

फ्यूजवायर

आता माझा विषय. कूलर.

लोकांना वाटतं बटण बंद म्हणजे वीज बंद. वायरिंग करणाऱ्यानं बटण चुकून न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) टाकलं असेल तर बटण बंद केल्यावर पंप थांबतो, पण फेज (वीज आणणारी तार) पंपापर्यंत पोचलेलीच असते. आणि पंप पाण्यात बुडालेला.

बिघाड कसा होतो ते बघा. टाकीतलं पाणी संपतं, पंप कोरडा फिरतो, तापतो. गुंडाळीभोवतीचं आवरण तडकतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाणी भरता, ते त्या तड्यातून आत शिरतं. आता टाकीतल्या पाण्यात आणि लोखंडी अंगात वीज आहे. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत जाते. तिसरी पिन तुटलेली असेल किंवा दोन पिनांचं कनेक्टर मध्ये घातलं असेल, तर ती वाट बघत बसते. अनवाणी, ओल्या फरशीवर उभा, हातात पाण्याची नळी : यापेक्षा चांगली अर्थिंग कुठली मिळणार तिला?

क्रम असा. बटण बंद. प्लग *उपसून* बाहेर. पंख्याची पाती थांबेपर्यंत थांबा. मग झाकण किंवा जाळी. पाणी भरा. फरशी पुसा, हात पुसा, पायात चप्पल. मग प्लग, शेवटी बटण. पंपाची जाळी आठवड्याला धुवा, ती तुंबली की टाकी भरलेली असूनही पंप कोरडाच.

प्लग काढल्यावरसुद्धा मोटारीच्या कपॅसिटरमध्ये दम उरतो. वायरींच्या डबीत बोट घालू नका.

भिंगरी

आमच्याकडे एमसीबी आहे. पुरे ना?

फ्यूजवायर

नाही हो ताई. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. ती १६ अँपिअरची असेल तर त्याच्या वर गेल्यावर पडणार. माणसाचं हृदय बंद पाडायला अँपिअरच्या शंभर भागांतले काही भाग पुरतात. तेवढ्यानं एमसीबी ढिम्म हलत नाही. माणसासाठी असते ती आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला की ती तोडते. तिच्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. पडली पाहिजे. नाही पडली तर शोभेची आहे.

आणि ती सारखी पडत असेल तर इलेक्ट्रिशियनला 'हिला बायपास कर' सांगू नका. ती बरोबर आहे, कूलर चुकतोय.

कोणी चिकटलाच तर त्याला हात लावायच्या आधी मेन स्विच. तो लांब असेल तर कोरडं लाकूड किंवा प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन ढकला.

खट्याळ_वारा

'शोभेची आहे' हे वाचून उठलो आणि बटण दाबून आलो. पडली. राउटरही पडला, म्हणून प्रतिसादाला उशीर.

पाणकोंबडा

बुडण्याबद्दल कोणी लिहीत नाही तोवर लिहितो.

बुडणारा माणूस हात वर करून 'वाचवा' ओरडतो ही समजूत सोडा. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, ओरडणार कशानं? डोकं मागे झुकलेलं, तोंड पाण्याच्या रेषेवर, केस डोळ्यांवर आलेले तरी सारत नाही, हात दोन्ही बाजूंना पाणी खाली दाबत असतात. काठावरून वाटतं उभ्याउभ्या खेळतोय. हे २० ते ६० सेकंद चालतं आणि मग खाली. मुलं पाण्यात असताना आवाज थांबला की बघायचं, आवाज असेपर्यंत ठीक आहे.

मदतीचा क्रम : आवाज द्या, काठी किंवा कपडा पुढे करा, नाहीतर तरंगणारं काही फेका. उडी सगळ्यात शेवटी, तीही शिकलेल्यानं आणि तरंगणारं काही सोबत घेऊन. बुडणारा जवळ आलेल्याच्या खांद्यावर चढतो, त्याचा दोष नाही.

पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन आणि पंधरा मीटर दोर, एवढं काठावर असू द्या. कॅन अगदी रिकामा ठेवला तर वाऱ्यानं भरकटतो. तळाशी दोन बोटं पाणी ठेवून झाकण घट्ट लावा, म्हणजे फेक लांब जाते. दोराचं दुसरं टोक पायाखाली दाबा, नाहीतर कॅनसोबत दोरही जातो. कॅन माणसाच्या अंगावर फेकू नका, त्याच्या पलीकडे टाकून ओढत जवळ आणा. ओढताना काठावर पालथं पडा, उभं राहू नका.

बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं टांगणं, पाय धरून फिरवणं, सगळं बंद. त्यानं पोटातलं श्वासनलिकेत येतं. श्वास नसेल तर आधी पाच श्वास तोंडानं द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०. इथे श्वास आधी येतात कारण हृदय ऑक्सिजनअभावी थांबलेलं असतं. आणि शुद्धीवर येऊन हसायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच.

शंकासुर

प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे खोली चुकीची दिसते, म्हणून सूर मारणाऱ्यांचं डोकं आपटतं ना?

दशांशचिन्ह

उलट. वरून बघताना पाणी आहे त्याच्या पाऊण पट खोल *दिसतं*. दोन मीटर खोल पाणी दीड मीटर वाटतं, तिरकं बघितलं तर आणखी उथळ. म्हणजे फसतो तो न पोहणारा, 'छातीइतकंच आहे' म्हणून उतरणारा. सूर मारणाऱ्याच्या तर ते बाजूनं आहे.

पाणकोंबडा

बरोबर. सूर मारणाऱ्याला गढूळपणा मारतो. मागच्या वर्षी जिथे खोल होतं तिथे या उन्हाळ्यात पातळी उतरलेली असते, खाली गाळ किंवा दगड वर आलेला असतो. आधी पाय, मग डोकं. पहिल्यांदा पायांनी उतरून चाचपायचं आणि मगच सुराचा विचार. मानेला मार बसला असेल तर पाण्यातच उताणा तरंगत धरा, डोकं-मान-पाठ एका रेषेत. श्वास चालू असेल तर खेचाखेच करू नका.

नट_बोल्ट

गाडी.

रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नाही, ती दाबाची झडप आहे. आत साधारण एक बार (बाहेरच्या हवेच्या दाबाइतका) जादा दाब असतो, म्हणून पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो आणि ११० अंशांवर शांत बसलेलं पाणी त्याच क्षणी सगळंच्या सगळं उकळतं. कारंजं थेट तोंडावर, कारण बघायला आपण वाकलेलोच असतो.

काटा लाल पट्ट्याकडे निघाला की एसी बंद आणि *हीटर* पूर्ण चालू. घाम फुटेल, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता ओढतो. सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद. वाफ दिसत असेल तर बॉनेटही उघडू नका. किमान अर्धा तास. मग वरचा जाड रबरी होज जाड फडक्यातून दाबून बघा. टणक लागला तर आत दाब आहे, अजून थांबा. मऊ झाला की झाकणावर फडकं, तोंड बाजूला, पाव वळसा. फुस्स आवाज पूर्ण थांबला की मग दाबून फिरवा. तापल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकतं. इंजिन चालू करून बारीक धारेनं भरा.

टायर : उन्हानं हवा वाढून टायर फुटतो हा समज. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की साधारण १ पीएसआय वाढतं, टायर ते सहन करतो. फुटतो तो *कमी* हवेचा. बाजू दर फेरीला दुमडते आणि आतून तापते. म्हणून हवा सकाळी, टायर गार असताना, दाराच्या खांबावर लिहिलेल्या आकड्याइतकी. रस्त्यात तापलेल्या टायरची हवा कमी करू नका, गार झाल्यावर तो कमीच भरलेला निघेल. फुटलाच तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा.

भिंगरी

आणि गाडीत थांबलेली मुलं?

नट_बोल्ट

उन्हात बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांत साधारण १० अंशांनी वाढतं, अर्ध्या तासात १९-२० नं. काच चार बोटं खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. मुलाचं अंग मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगानं तापतं. 'दोन मिनिटांत येतो' हे चालत नाही. झोपलेलं मूल मागे असेल तर आपला डावा बूट मागच्या सीटपाशी काढून ठेवा, एका बुटावर कोणी लांब जात नाही. घरी उभ्या गाडीला कायम लॉक, किल्ली उंचावर. मुलं खेळता खेळता आत शिरतात आणि उघडता येत नाही.

कोणाचं मूल अडकलेलं दिसलं तर त्याच्यापासून सगळ्यात लांबची बाजूची काच, कोपऱ्यात टोकदार वस्तूनं. पुढची काच फोडायला जाऊ नका, ती दोन थरांची असते, तडकते पण पडत नाही.

चमचा_मोजून

भाजल्यावर काय, तेही याच जागी. २० मिनिटं वाहत्या नळाखाली, घड्याळ लावून. अंगठी, बांगडी आधी काढा, सूज आल्यावर निघत नाही. बर्फ, टूथपेस्ट, तेल काही नको. भाजून तीन तास होईपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. आणि उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी जमिनीवर सोडा, मग मुलांच्या अंगावर.

अर्धी_शिडी

पावसाआधी पत्रे दुरुस्त करायला लोक उन्हाळ्यातच वर चढतात, म्हणून लिहितो. सिमेंटचा जुना पत्रा वरून धडधाकट दिसतो. उन्हानं ठिसूळ झालेला असतो आणि माणसाचं वजन पडल्यावर कुरकुरत नाही, एकदम जातो. मधला प्लॅस्टिकचा उजेडाचा पत्रा तर धुळीनं ओळखूच येत नाही.

घमेलं

बोल्टच्या रांगेवर पाय ठेवत चालायचं. खाली पर्लिन (पत्रा ज्यावर टेकतो तो आडवा दांडा) असतो.

अर्धी_शिडी

हाच सल्ला घातक आहे, माफ करा. रांग सोडून चार बोटं पाय सरकला की संपलं. पर्लिनवर आडव्या दोन फळ्या टाका, फळी किमान दोन पर्लिनांवर टेकलेली हवी. एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवा. पाय पत्र्याला लागताच कामा नये. शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या चौथ्या भागाइतका लांब, वरचं टोक छपराच्या कडेपेक्षा एक मीटर वर आणि बांधलेलं. विजेच्या तारा जवळ असतील तर ॲल्युमिनियमची शिडी नको. दुपारी चढू नका. चक्कर आली तर जमिनीवर माणूस बसतो, शिडीवर बसायला जागा नसते.

घमेलं

फळ्यांचं मान्य. माझी ओळ मागे घेतो.

आता टाकी आणि विहीर. पाणी उतरलं की साफसफाई याच दिवसांत निघते. आत कुजलेल्या गाळाचा वायू साचलेला असतो. मेणबत्ती सोडून बघतात, ती भरवशाची नाही. ती विझली तर ऑक्सिजन कमी आहे एवढंच कळतं. विषारी वायू असला तरी ती जळत राहते, आणि मिथेन असेल तर भडका. वायुमापक असल्याशिवाय उतरू नका. आत कोसळलेल्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि सगळे तिथेच राहतात. म्हणून उतरणाऱ्याच्या अंगावर आधीच पट्टा आणि दोर, दोराचं टोक वर, म्हणजे वरूनच ओढता येतं. डिझेलचा पंप आत उतरवायचा नाही, त्याचा धूरही मारतो.

सावलीधर

मंडळी, दहा ओळी मागितल्या होत्या, पुस्तक झालंय. तरी कच्चा मसुदा टाकतो :

बरळतोय? आधी पाणी ओता, गाडी येईपर्यंत थांबू नका. आधी अंग ओलं, मग पंखा. पुडी एक, पाणी एक लिटर. आधी प्लग, मग झाकण. आधी कॅन-दोर, उडी शेवटी. आधी होज दाबा, मग झाकण. आधी मागची सीट, मग लॉक. आधी फळी, मग पाय. आधी दोर, मग विहीर. भाजलं? आधी अंगठी, मग २० मिनिटं नळ.

नाडीपरीक्षा

पहिल्या ओळीत रुग्णवाहिकेचा फोन कुठे गेला? मदत करणारा एकटाच असेल तर आधी फोन, स्पीकरवर टाकून पाणी. आणि शेवटची ओळ अशी करा : आधी नळ, नळाखालीच अंगठी. अंगठी काढायच्या खटपटीत पाच मिनिटं कोरडी जातात.

चमचा_मोजून

मान्य. माझंच वाक्य चुकलं होतं.

फ्यूजवायर

एक सुचवू? दाराच्या आतला कागद दाराशी उभा राहून कोण वाचणार? पट्ट्या कापा. कूलरची ओळ कूलरच्या झाकणावर, होजची बॉनेटच्या आतून, कॅनची कॅनवर, फळीची शिडीच्या पहिल्या पायरीवर. चुकतो तिथेच दिसली पाहिजे.

सावलीधर

हे पटलं. दारावर फक्त उष्माघात आणि रुग्णवाहिकेचा नंबर ठेवतो, बाकीच्या कापतो. आज रात्री प्रिंट काढतो.

दशांशचिन्ह

इंकजेटवर काढू नका, पाणी लागलं की शाई पसरते आणि उन्हात उडते. लेझर प्रिंट, वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी, कडा मागे दुमडून. अक्षर एक सेंटिमीटरपेक्षा लहान नको.

खट्याळ_वारा

कूलरवर चिकटवायच्या आधी प्लग काढा.